मेटॅलोथायोनिनचा प्रयोग: संप्रेरक आणि धातू मानवी पेशीकडून प्रथिन कसे बनवून घेतात

जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात जनुकाचे नियमन शिकवताना आपण बहुधा जिवाणूतल्या लॅक ओपेरॉनपाशीच, म्हणजे दूधसाखर पचवणाऱ्या जनुकगटापाशीच, रेंगाळतो. मानवी पेशीत हेच कसे घडते, ते स्वतःच्या हाताने करून पाहायचे असेल, तर मेटॅलोथायोनिनइतके सोयीचे प्रथिन दुसरे नाही, असे माझे मत आहे. माध्यमात, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्यात, जस्त घातले की ते वाढते, कॅडमियम घातले की वाढते, आणि धातूशी काहीही नाते नसलेले डेक्सामेथासोन हे संप्रेरकासारखे औषध घातले तरी वाढते. तेही काही तासांत आणि सहज मोजता येईल इतके. नाशिकमधल्या एका महाविद्यालयाच्या छोट्या पेशीसंवर्धन कक्षात विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग अनेकदा करवून घेताना जे जमले आणि जे फसले, त्यावरून हा लेख लिहिला आहे. ज्यांच्याकडे इनक्युबेटर आणि लॅमिनार हूड (निर्जंतुक हवेचा कप्पा) आहे आणि क्यूपीसीआर यंत्र (जनुकाच्या प्रती मोजणारे) निदान दुसऱ्या संस्थेत जाऊन वापरता येते, अशा शिक्षकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी तो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. या प्रयोगात प्रथिन वाढवणे अवघड नाही. ते न वाढू देणे अवघड आहे. ज्या पेशींना आपण काहीच दिलेले नाही, त्यांना खरोखरच काही मिळालेले नाही, याची खात्री करण्यातच निम्म्याहून अधिक मेहनत जाते, आणि पुढच्या बहुतेक सूचना त्याच खात्रीसाठी आहेत.

प्रयोगाआधी: जनुकाच्या दारातील दोन वाटा

मेटॅलोथायोनिन प्रथम १९५७ मध्ये मार्गोशेस आणि व्हॅली यांना घोड्याच्या मूत्रपिंडात सापडले, तेही कॅडमियम धरून ठेवणारे प्रथिन म्हणून. ते अगदी लहान आहे. मानवी मेटॅलोथायोनिन-२ मध्ये अमिनो आम्ले केवळ ६१, पण त्यांतली २० सिस्टीन, म्हणजे साधारण दर तिसरे अमिनो आम्ल गंधक असलेले. या गंधकांच्या आधाराने एक रेणू जस्ताचे किंवा कॅडमियमचे सात अणू बांधून ठेवतो: एका गुच्छात चार आणि दुसऱ्यात तीन. मानवात या कुटुंबाची जनुके १६ व्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर एकमेकांना लागून बसलेली आहेत. त्यांतले एमटी२ए हे जनुक आपल्या कामाचे, कारण ते बहुतेक पेशींत भरपूर व्यक्त होते आणि धातू व संप्रेरक या दोहोंनाही प्रतिसाद देते.

धातूची वाट अशी आहे. पेशीतले मोकळे जस्त वाढले की एमटीएफ-१ नावाचे प्रथिन ते जस्त आपल्या सहा ‘झिंक फिंगर’ बोटांपैकी काहींत धरते, केंद्रकात जाते आणि जनुकाच्या सुरुवातीच्या अलीकडे असलेल्या छोट्या, पुन्हापुन्हा येणाऱ्या डीएनए क्रमांवर बसते. या क्रमांना एमआरई म्हणतात. कॅडमियमचे मात्र थोडे वाकडे आहे. ते एमटीएफ-१ ला स्वतः जागे करत नाही. आधीच तयार असलेल्या मेटॅलोथायोनिनमधले जस्त ते हुसकावून लावते आणि मोकळे झालेले ते जस्त एमटीएफ-१ ला जागे करते. कॅडमियमचा संदेशसुद्धा शेवटी जस्ताच्याच तोंडून जातो, हे विद्यार्थ्यांना फार आवडते, आणि प्रयोगाचा अर्थ लावताना ते उपयोगीही पडते.

संप्रेरकाची वाट वेगळी. कॉर्टिसॉल, किंवा त्याच्यासारखेच पण अधिक प्रभावी असलेले डेक्सामेथासोन, पेशीपटलातून सरळ आत शिरते. २०२० मध्ये कोरोनाच्या गंभीर रुग्णांना दिले गेल्याने हे नाव आता घरोघरी माहीत आहे. पेशीद्रवात ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही, म्हणजे कॉर्टिसॉलगटातली संप्रेरके (ग्लुकोकॉर्टिकॉइडे) धरणारे प्रथिन, एचएसपी९० या प्रथिनाच्या सोबतीने त्याची वाट पाहत असतो. औषध चिकटले की ग्राही त्या सोबतीतून सुटतो, केंद्रकात जातो आणि जीआरई या १५ अक्षरांच्या क्रमावर जोडीने बसतो. एमटी२ए च्या बाबतीत हा क्रम जनुकाच्या सुरुवातीपासून सुमारे २५० अक्षरे अलीकडे आहे. मायकेल कॅरिन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की कॅडमियमला आणि संप्रेरकाला उत्तर देणारे हे क्रम एकाच जनुकासमोर असूनही वेगवेगळे आहेत.

त्याआधी एक खरा प्रश्न उभा होता. ग्लुकोकॉर्टिकॉइडमुळे पेशी जस्त अधिक ओढून घेतात, असे यकृताच्या पेशींत दिसले होते. मग संप्रेरक जनुकाला थेट सांगते, की आधी जस्त आत आणते आणि मग ते जस्त जनुकाला सांगते? कॅरिन आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये हेला या मानवी कर्करोगपेशींवर काम करून डेक्सामेथासोनचा परिणाम प्राथमिक, म्हणजे थेट, असल्याचे दाखवले. आपला प्रयोग याच प्रश्नाभोवती रचावा. ‘जस्ताने वाढले, डेक्सामेथासोननेही वाढले’ एवढेच दाखवणारा प्रकल्प मला अपुरा वाटतो. कोणत्या वाटेने वाढले ते सांगता आले पाहिजे.

पहिली पायरी: पेशी आणणे आणि स्थिरावणे

हेला पेशी घ्याव्यात. १९५१ मध्ये बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून, त्यांच्या संमतीशिवाय, घेतलेल्या या पेशी आहेत, आणि प्रकल्पाच्या प्रास्ताविकात हा उल्लेख असावा. मेटॅलोथायोनिनवर संप्रेरकाचा परिणाम दाखवणारे सुरुवातीचे काम याच पेशींवर झालेले असल्याने आपले निष्कर्ष पडताळून पाहणे सोपे जाते. या पेशींच्या डीएनएत पॅपिलोमा विषाणूच्या १८ व्या प्रकाराचा अंश आहे, त्यामुळे जैवसुरक्षेच्या दुसऱ्या पातळीचे नियम पाळावेत आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी घ्यावी.

पुण्याच्या एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) येथील पेशीभांडारातून पेशी मागवता येतात. फ्लास्क काठोकाठ माध्यम भरून येतो. नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा रस्ता एप्रिलच्या दुपारी पार करून आलेला फ्लास्क लगेच उघडू नये. तो बाहेरून पुसून रात्रभर ३७ अंशांवर ठेवावा, दुसऱ्या दिवशी जादा माध्यम काढून घ्यावे आणि निदान दोनतीनदा पेशींची पुनर्लागवड होईपर्यंत प्रयोगाचा विचारही करू नये. ताणाखाली असलेल्या पेशी मेटॅलोथायोनिन आपणहून वाढवतात. शक्य असल्यास मायकोप्लाझ्माची (पेशींना नकळत लागणाऱ्या सूक्ष्म जिवाणूंची) तपासणी याच वेळी करून घ्यावी.

दुसरी पायरी: पाणी, सीरम आणि भांडी

या पायरीवर मी मुद्दाम जास्त थांबणार आहे.

आपल्या प्रयोगात जस्ताची मात्रा १०० मायक्रोमोलर, म्हणजे लिटरला मोलचे शंभर दशलक्षांश, असते. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात जस्ताची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. जस्ताच्या अणुभाराने, म्हणजे ६५.४ ने, भागले की ही मर्यादा सुमारे ७६ मायक्रोमोलर निघते. माणसाला पिण्यास पूर्णपणे योग्य असलेले पाणीही पेशींच्या दृष्टीने जवळजवळ प्रयोगाची मात्रा असू शकते, हे हा छोटा हिशेब सांगतो. गंगापूर धरणाचे पाणी नळाला येईपर्यंत अनेक जुन्या इमारतींत जस्ताचा मुलामा दिलेल्या नळ्यांतून आणि पितळी तोट्यांतून जाते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. त्यामुळे ‘डिस्टिल्ड वॉटर’ एवढ्या लेबलवर विश्वास ठेवू नये. पाणी आयन काढलेले, अतिशुद्ध दर्जाचे असावे आणि प्लॅस्टिकच्या, आम्लाने धुतलेल्या बाटलीतच साठवावे.

आमच्या कक्षात हा धडा महागात पडला. एका वर्षी सलग तीन वेळा ‘काहीही न दिलेल्या’ पेशींतले एमटी२ए जस्त दिलेल्या पेशींच्या बरोबरीला येऊन बसत होते. विद्यार्थ्यांनी प्रायमर (मोजायचे जनुक ओळखणारे डीएनएचे छोटे तुकडे) बदलले, आरएनए काढण्याचे किट बदलले, मी स्वतः क्यूपीसीआर यंत्राला दोष दिला. शेवटी लक्षात आले की उन्हाळ्यात पाणी कमी पडते म्हणून ऊर्ध्वपातित पाणी जस्ताच्या पत्र्याच्या पिंपात भरून ठेवले जात होते आणि चूर्णस्वरूपातले माध्यम त्याच पाण्यात विरघळवले जात होते. पाणी शुद्धच होते. ते पिंपात शिरेपर्यंत. तेव्हापासून आम्ही चूर्ण आणणे बंद केले आणि प्रयोगासाठी तयार द्रव माध्यमच घेतो. खर्च वाढतो, पण एका फसलेल्या महिन्यापेक्षा तो कमीच आहे.

माध्यम निवडताना घटकांची यादी वाचावी. डीएमईएममध्ये जस्त मुद्दाम घातलेले नसते. हॅम्स एफ-१२ मध्ये मात्र सुमारे ३ मायक्रोमोलर जस्त आणि थोडे तांबेही असते. म्हणून या प्रयोगासाठी डीएमईएम घ्यावे. उपकला पेशींसाठी बनवलेल्या काही माध्यमांत हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलच, आधीपासून असते. अशा माध्यमात डेक्सामेथासोन शोधत बसणे व्यर्थ आहे.

सीरमची गोष्ट दुहेरी आहे. वासराच्या सीरममध्ये (रक्ताच्या द्रवभागात) जस्तही असते आणि स्टेरॉइड संप्रेरकेही असतात, आणि त्याचबरोबर त्यातले अल्ब्युमिन आपण घातलेले जस्त बांधून ठेवते. यामुळे १० टक्के सीरममध्ये १०० मायक्रोमोलर जस्त पेशी सोसतात, तर सीरम नसलेल्या माध्यमात तीच मात्रा त्यांना मारू शकते. म्हणून पेशी वाढवताना नेहमीचे सीरम वापरावे, पण प्रयोगाच्या आदल्या दिवसापासून कोळशाने संप्रेरके काढलेले, चारकोल-स्ट्रिप्ड, सीरम १० टक्के प्रमाणात वापरावे. प्रयोगाच्या सर्व फेऱ्यांसाठी एकाच लॉटची बाटली राखून ठेवावी. लॉट बदलला की पायाभूत पातळीही बदलते.

बाकीचे चोर लहान आहेत, पण खरे आहेत. रबर पक्के करताना जस्ताचे ऑक्साइड वापरतात, त्यामुळे रबरी बुचे टाळावीत आणि पावडर असलेले हातमोजे वापरू नयेत. पेशी प्लेटवरून सोडवणाऱ्या ट्रिप्सिनमध्ये ईडीटीए असते आणि ते जस्त बांधते. पेशी सोडवल्यावर सेंट्रिफ्यूज करून ते माध्यम पूर्ण काढून टाकावे. इनक्युबेटरच्या पाण्याच्या ताटलीत बुरशी येऊ नये म्हणून अनेक प्रयोगशाळा मोरचूद (तांब्याचा क्षार) टाकतात. द्राक्षबागेतून आलेल्या मुलांना तर बुरशी म्हटली की मोरचूद आठवणारच. निफाड-दिंडोरीकडे बोर्डो मिश्रण फवारल्याशिवाय हंगाम जात नाही. पण तांबेही मेटॅलोथायोनिन वाढवते, आणि ताटलीतले चार थेंब हातमोज्यावरून प्लेटवर यायला वेळ लागत नाही. या प्रयोगाच्या काळात ताटलीत फक्त निर्जंतुक पाणी ठेवावे आणि ते दर आठवड्याला बदलावे.

तिसरी पायरी: स्टॉक द्रावणे

डेक्सामेथासोनचा रेणुभार ३९२.५ आहे. ३.९ मिलिग्रॅम औषध १ मिलिलिटर शुद्ध इथेनॉलमध्ये विरघळवले की १० मिलिमोलर द्रावण होते. ते इथेनॉलमध्येच शंभरपट पातळ करून १०० मायक्रोमोलर स्टॉक बनवावा आणि लहान नळ्यांत उणे २० अंशांवर ठेवावा. माध्यमात हजारपट पातळ केल्यावर १०० नॅनोमोलर ही अपेक्षित मात्रा मिळते.

जस्तासाठी झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट घ्यावे. २८७.५ मिलिग्रॅम १० मिलिलिटर पाण्यात विरघळवले की १०० मिलिमोलर. हे द्रावण फॉस्फेट असलेल्या बफरमध्ये कधीही बनवू नये, कारण जस्ताचा फॉस्फेट साका होऊन खाली बसतो. माध्यमात घालतानाही थेंब एका जागी न सोडता प्लेट हलक्या हाताने फिरवत घालावा; गढूळपणा दिसला तर ती प्लेट टाकून द्यावी.

कॅडमियम क्लोराइड वजन करण्याआधी बाटलीवर ते निर्जल आहे की पाण्याच्या रेणूंसह, हे पाहावे, कारण रेणुभार १८३.३ ऐवजी २२८.४ असू शकतो. निर्जल क्षार असल्यास १८.३ मिलिग्रॅम १० मिलिलिटर पाण्यात, म्हणजे १० मिलिमोलर. ते पाचपट पातळ करून २ मिलिमोलर स्टॉक. अंतिम मात्रा २ मायक्रोमोलर. जस्ताच्या पन्नासाव्या हिश्शाएवढ्या मात्रेत हे काम भागते, यावरून कॅडमियम किती प्रभावी आणि किती घातक आहे ते कळते. कॅडमियम हे मानवात कर्करोग घडवणारे द्रव्य म्हणून आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या पहिल्या गटात आहे. चूर्ण तोलण्याचे काम शिक्षकाने स्वतः, मास्क आणि हातमोजे घालून, फ्यूम हूडमध्ये करावे. विद्यार्थ्यांच्या हाती फक्त पातळ द्रावण द्यावे. ही सुविधा नसेल तर कॅडमियमचा भाग गाळावा. जस्त आणि डेक्सामेथासोन एवढ्यावरही मुख्य प्रश्नाचे उत्तर मिळते.

ग्राहीला अडवण्यासाठी मिफेप्रिस्टोन लागेल. संशोधन दर्जाचे ४.३ मिलिग्रॅम १० मिलिलिटर इथेनॉलमध्ये, म्हणजे १ मिलिमोलर. अंतिम मात्रा १ मायक्रोमोलर.

चौथी पायरी: प्लेटची मांडणी

सिक्स-वेल प्लेटच्या प्रत्येक वेलमध्ये, म्हणजे खळग्यात, सुमारे तीन लाख पेशी टाकाव्यात. दुसऱ्या दिवशी त्या चिकटून पसरल्या की संप्रेरकमुक्त सीरम असलेले २ मिलिलिटर माध्यम द्यावे आणि आणखी एक रात्र जाऊ द्यावी. औषध घालण्याच्या वेळी माध्यम पुन्हा बदलू नये. ताजे सीरम आणि थंड माध्यम यांचा धक्काही या जनुकाला जाणवतो, कारण त्याच्यासमोर एमआरई आणि जीआरई यांच्याखेरीज ताणाला आणि वाढीच्या संदेशांना उत्तर देणारे क्रमही आहेत.

सहा वेल असे वाटून घ्यावेत. पहिल्यात फक्त वाहक द्रव (औषध नसलेले इथेनॉल आणि पाणी), दुसऱ्यात डेक्सामेथासोन, तिसऱ्यात जस्त, चौथ्यात कॅडमियम, पाचव्यात डेक्सामेथासोन आणि जस्त एकत्र, आणि सहाव्यात आधी मिफेप्रिस्टोन व तासाभराने डेक्सामेथासोन. प्रत्येक स्टॉकचे प्रमाण वेलला २ मायक्रोलिटर आहे. ज्या वेलमध्ये एखादे औषध नाही, तिथे त्याच्या जागी तेवढेच इथेनॉल किंवा पाणी घालावे (जस्त आणि कॅडमियम कुठेच एकत्र नसल्याने त्या दोहोंसाठी पाण्याचा एकच वाटा धरावा), म्हणजे प्रत्येक वेलला एकूण ४ मायक्रोलिटर इथेनॉल आणि २ मायक्रोलिटर पाणी मिळते. हा नियम कंटाळवाणा वाटतो, पण परीक्षक पहिला प्रश्न यावरच विचारतात आणि तो रास्त आहे.

मार्च ते मे या महिन्यांत नाशिकची हवा फार कोरडी असते. इनक्युबेटरचे दार वारंवार उघडले तर कडेच्या वेलमधले माध्यम आटते आणि धातूची मात्रा आपण ठरवल्यापेक्षा वाढते. त्या काळात प्लेट ओल्या टिश्यूसह झाकणाच्या डब्यात ठेवून मग इनक्युबेटरमध्ये ठेवावी.

प्रयोग वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या लागवडीच्या पेशींवर, निदान तीनदा करावा. एकाच दिवशी लावलेल्या तीन प्लेटी म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

एमआरएनए (जनुकावरून निघणारी, प्रथिन बनवण्याची सूचना नेणारी प्रत) मोजायचा असेल तर सहा तास, प्रथिन मोजायचे असेल तर २४ तास थांबावे.

पाचवी पायरी: एमआरएनए मोजणे

आरएनए काढल्यावर २६० आणि २८० नॅनोमीटरवरील शोषणाचे गुणोत्तर २ च्या आसपास असावे. त्यानंतर डीनेज (डीएनए तोडणारे विकर) देणे येथे ऐच्छिक नाही. सर्वसाधारणपणे आपण दोन एक्झॉनवर (जनुकाच्या एमआरएनएत उरणाऱ्या भागांवर) पसरलेले प्रायमर घेतले की जनुकीय डीएनएची भीती सरते असे मानतो, पण मेटॅलोथायोनिनच्या बाबतीत हा भरवसा फसवा आहे. मानवी डीएनएत मेटॅलोथायोनिन-२ चे एक छद्मजनुक (निकामी प्रत) आहे, ज्यात इंट्रॉन, म्हणजे एमआरएनएतून गाळले जाणारे मधले भाग, उरलेलेच नाहीत. ते एमआरएनएच्या प्रतीसारखे दिसते आणि एक्झॉनवर पसरलेल्या प्रायमरांनाही जुळू शकते. म्हणून प्रत्येक नमुन्यासाठी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारे विकर) न घातलेली एक नळी ठेवावीच. शिवाय एमटी१ गटातली जनुके एकमेकांसारखी इतकी आहेत की प्रायमर निवडल्यावर संगणकावर त्यांची पूर्ण मानवी डीएनएशी जुळणी करून पाहावी आणि शेवटी मेल्ट कर्व्हला (तापवताना तयार डीएनए सुटण्याच्या आलेखाला) एकच शिखर आहे ना ते तपासावे.

एमटी२ए बरोबर आणखी दोन जनुके मोजावीत, आणि हा माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. एफकेबीपी५ हे ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहीच्या हुकमाने वाढणारे जनुक आहे. एसएलसी३०ए१ हे जस्त पेशीबाहेर टाकणाऱ्या वाहकाचे जनुक असून ते एमटीएफ-१ च्या हुकमाने वाढते. डेक्सामेथासोनच्या वेलमध्ये एफकेबीपी५ वाढले आणि एसएलसी३०ए१ जागच्या जागी राहिले, तर संप्रेरकाची वाट उघडली आणि धातूची बंद होती, असे म्हणण्यास आधार मिळतो. जस्ताच्या वेलमध्ये याच्या उलट दिसावे. एमटी२ए दोन्हीकडे वाढणारच. कोणत्या वाटेने वाढले ते या दोन साक्षीदारांना विचारायचे.

संदर्भ जनुक (तुलनेसाठीचे, न बदलणारे) म्हणून जे घ्याल, त्याचा सीटी आकडा, म्हणजे प्रती दिसू लागेपर्यंत लागलेली आवर्तने, सहाही वेलमध्ये स्थिर आहे हे आधी दाखवावे. हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करतो. वाहक द्रवाच्या वेलमध्ये एमटी२ए चा सीटी २४.० आणि संदर्भ जनुकाचा १८.० असेल तर फरक ६.०. जस्ताच्या वेलमध्ये अनुक्रमे २०.० आणि १८.१ असेल तर फरक १.९. दोन फरकांमधले अंतर ४.१, आणि २ चा ४.१ वा घात म्हणजे सुमारे १७. एमटी२ए सतरापट झाले. मात्र हे सूत्र दोन्ही प्रायमरजोड्यांची कार्यक्षमता जवळजवळ १०० टक्के असेल तरच लागू पडते. त्यासाठी दहापट विरलनांचा एक प्रमाणालेख काढून ठेवावा.

सहावी पायरी: प्रथिन दाखवणे

येथे बहुतेक प्रकल्प अडखळतात, कारण मेटॅलोथायोनिन नेहमीच्या पद्धतींना दाद देत नाही. त्यात ट्रिप्टोफॅन, टायरोसिन आणि फिनिलअॅलनिन नाहीत, त्यामुळे २८० नॅनोमीटरला ते दिसत नाही. कूमासी रंगही नीट धरत नाही. वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन जेलमधून पटलावर उतरवून प्रतिपिंडाने ओळखणे) करताना सहा-सात किलोडाल्टनचे हे प्रथिन ०.४५ मायक्रॉनच्या पटलातून आरपार निघून जाते, आणि विद्यार्थी ‘प्रथिन तयारच झाले नाही’ असे लिहून मोकळा होतो.

त्यासाठी १६ टक्के ट्रायसिन जेल, ०.२ मायक्रॉनचे पीव्हीडीएफ पटल आणि ट्रान्सफरचा कमी वेळ, ही तीन पथ्ये पाळावीत. ट्रान्सफरनंतर पटल सौम्य ग्लुटराल्डिहाइडमध्ये थोडा वेळ ठेवले तर प्रथिन पटलावर पक्के बसते. नमुन्यात क्षपणकारक पुरेसे असावे, नाहीतर सिस्टीन एकमेकांत गुंतून पट्टी विस्कटते. ई९ हे एमटी१ आणि एमटी२ या दोहोंना ओळखणारे प्रतिपिंड नेहमी वापरले जाते. त्यावरून दोन्हींची बेरीज कळते, फक्त एमटी२ नव्हे, हे निष्कर्षात स्पष्ट लिहावे. कॅडमियम बांधलेले मेटॅलोथायोनिन जस्त बांधलेल्यापेक्षा पेशीत अधिक काळ टिकते. म्हणून दोन वेलमधला एमआरएनए सारखा असूनही कॅडमियमच्या वेलमध्ये प्रथिनाची पट्टी गडद येऊ शकते, आणि ती चूक समजू नये.

सातवी पायरी: थेट की जस्तामार्गे?

पहिल्या प्लेटचे निकाल समाधानकारक आले की दुसरी प्लेट लावावी. यात टीपीईएन हे पेशीत शिरून जस्त पकडणारे रसायन सुरुवातीला ५ मायक्रोमोलर मात्रेत वापरावे. वेल असे: वाहक द्रव, टीपीईएन एकटे, डेक्सामेथासोन, टीपीईएनसह डेक्सामेथासोन, जस्त, आणि टीपीईएनसह जस्त. शेवटच्या वेलमध्ये जस्त टीपीईएनपेक्षा कमी मात्रेत द्यायला हवे, नाहीतर पकडणारे कमी आणि पकडायचे जास्त असा प्रकार होतो. म्हणून या प्लेटवर १०० मायक्रोमोलर जस्त चालणार नाही. आधी १० पासून ५० मायक्रोमोलरपर्यंतच्या मात्रा तपासून, प्रतिसाद जेमतेम दिसू लागतो ती मात्रा ठरवावी आणि टीपीईएन त्या प्रमाणात जुळवावे. टीपीईएन फार वेळ ठेवले तर पेशी मरतात, म्हणून सहा तासांपलीकडे जाऊ नये आणि ट्रायपॅन ब्लूने जिवंत पेशी मोजून नोंद ठेवावी.

टीपीईएन असतानाही डेक्सामेथासोनने एमटी२ए वाढले, तर वाढ जस्तामार्गे झालेली नाही असे म्हणता येते. वाढ थांबली तर घाईने उलटा निष्कर्ष काढू नये. गंमत अशी की खुद्द ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहीची डीएनए पकडणारी बोटेही जस्तानेच आकार धरतात. म्हणून अशा वेळी एफकेबीपी५ पाहावे: तेही थांबले असेल तर टीपीईएनने ग्राहीलाच किंवा सगळ्या पेशीलाच जायबंदी केले आहे.

दुसरा पुरावा सायक्लोहेक्झिमाइडचा. मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम दिले की पेशीत नवे प्रथिन बनणे बंद होते. त्या स्थितीतही डेक्सामेथासोनने एमटी२ए चा एमआरएनए वाढला, तर मध्ये कुठलेही नवे प्रथिन बनण्याची गरज नव्हती, म्हणजे परिणाम प्राथमिक आहे. सायक्लोहेक्झिमाइड एकटेही या एमआरएनएत काही वाढ घडवते, त्यामुळे तुलना नेहमी ‘सायक्लोहेक्झिमाइड एकटे’ या वेलशी करावी, वाहक द्रवाशी नव्हे. ही चूक मी छापील प्रबंधातही पाहिली आहे.

डेक्सामेथासोन आणि जस्त एकत्र असलेल्या पाचव्या वेलचा अर्थ लावताना पटींची बेरीज करावी, सीटीची नव्हे. समजा डेक्सामेथासोनने ५ पट आणि जस्ताने १७ पट झाले. मूळ पातळीवरची वाढ अनुक्रमे ४ आणि १६. बेरीज २०, म्हणजे दोन्ही वाटा एकमेकींच्या आड न येता चालल्या तर सुमारे २१ पट अपेक्षित. त्याहून बरेच जास्त आले तर दोन वाटा एकमेकींना हात देत आहेत, बरेच कमी आले तर कुठेतरी मर्यादा गाठली गेली आहे किंवा पेशी मरू लागल्या आहेत. तीन प्रयोगांतल्या चढउतारापेक्षा हा फरक मोठा असेल तरच त्यावर भाष्य करावे.

उरलेले द्रव

कॅडमियम असलेले माध्यम, धुतलेले बफर आणि टिपा यांपैकी काहीही बेसिनमध्ये जाता कामा नये. आमच्या इमारतीचे सांडपाणी नासर्डीला आणि पुढे गोदावरीला मिळते, आणि पिण्याच्या पाण्यात कॅडमियमची मर्यादा लिटरला ०.००३ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे २७ नॅनोमोलर आहे. आपल्या एका वेलमधले द्रव त्याच्या सत्तरपटीहून अधिक तीव्र असते. जाड प्लॅस्टिकची, ‘कॅडमियम’ असे मराठीत आणि ठळक अक्षरांत लिहिलेली एक बाटली हूडशेजारी ठेवावी. पेशी असलेले द्रव तीत ओतण्याआधी जंतुनाशकाने निष्क्रिय करावे, पण ऑटोक्लेव्ह करू नये, आणि बाटली भरली की प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या घातक कचरा संस्थेकडे संस्थेमार्फत पाठवावी. जस्त आणि तांब्याच्या द्रवांसाठी वेगळी बाटली असावी. दोन्ही बाटल्यांवर दर वेळी ओतलेले आकारमान आणि तारीख लिहिण्यासाठी एक कागद दोऱ्याने बांधून ठेवावा. आमच्याकडे तो कागद वहीपेक्षा अधिक नियमितपणे भरला जातो.